शाळेत औषध द्यायचं असेल तर: पालकांचं संमतीपत्र कसं लिहावं, शाळेनं ते कसं पाळावं

‘टीचर, बाटलीतले औषध दुपारी एक चमचा द्यावे.’ डायरीत एवढी ओळ, खाली सही आणि दफ्तराच्या बाजूच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली. पावसाळ्यात सर्दी-तापाची साथ आली की पुण्यातल्या वर्गावर्गांतून अशी दफ्तरं येतात. लेखी कळवलं म्हणजे काम झालं, असं घरच्यांना वाटतं. पण वर्गशिक्षिकेच्या जागी बसून ती ओळ वाचा. औषध कुठलं? दुपारी म्हणजे डब्याच्या सुट्टीत की शाळा सुटताना? चमचा चहाचा की पोह्यांचा? सकाळी घरून एक डोस देऊन पाठवलंय का? आणि पोर ओकलं तर?

संमतीपत्रात सही सगळ्यांत शेवटी येते. तिच्या आधी जी माहिती लिहायची असते, तिच्यावरच मूल सुरक्षित राहतं. ती माहिती कशी लिहावी, औषध कसं पोचवावं आणि शाळेनं ते कसं द्यावं, हे पालक आणि शिक्षक अशा दोघांसाठी इथे लिहिलं आहे.

शाळेत डोस लागेलच का?

संमतीपत्र भरण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘हा डोस शाळेच्या वेळेबाहेर बसवता येईल का?’ बहुतेक वेळा येतो. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारखं अँटिबायोटिक मुलांना साधारणपणे दिवसातून दोनदा लिहिलेलं असतं, ॲझिथ्रोमायसिन एकदाच. ही औषधं शाळेत यायचं कारणच नाही. दिवसातून तीनदा द्यायचं औषधही सकाळच्या अधिवेशनाच्या शाळेत, म्हणजे सात ते साडेबारा, सकाळी साडेसहा, दुपारी दोन आणि रात्री दहा असं घरच्या घरी बसतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासनाचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. त्यामुळे लहान मुलं आता दुपारपर्यंत शाळेत असतात, पण त्यांचा सकाळचा डोस निवांत घरी होतो. एडीएचडीच्या (अतिचंचलपणा आणि लक्ष न टिकणं) काही गोळ्यांचा दुपारचा डोस लागतो. तिथेही जास्त वेळ टिकणारा प्रकार चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

तापाच्या औषधाबद्दल स्पष्टच सांगतो. सकाळी पॅरासिटामॉल पाजून ताप उतरवायचा आणि मुलाला शाळेत सोडायचं, हे करू नका. औषधाचा असर चार-सहा तासांत ओसरतो आणि दहा-अकराच्या सुमारास मूल वर्गात फणफणतं. अशा वेळी शाळेला सकाळच्या डोसची वेळ माहीत नसली तर दुसरा डोस फार लवकर जाण्याचा धोका असतो. ताप असलेलं मूल घरी राहू द्या.

इतकं गाळून जी औषधं खरोखर शाळेत लागतात, ती मोजकी असतात: दम्याचा पंप, फिट आल्यास द्यायचं औषध, इन्सुलिन आणि ग्लुकोज, एडीएचडीची दुपारची गोळी, आणि अधूनमधून पाच-सात दिवसांचा एखादा कोर्स.

संमतीपत्राचा मजकूर

शाळेचा छापील नमुना असेल तर तो वापरा. नसेल तर खालचा मजकूर कोऱ्या कागदावर उतरवून घेतला तरी चालतो. एका औषधाला एक कागद. दोन औषधं एकाच कागदावर लिहिली की डोसांची अदलाबदल होते.

विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, इयत्ता व तुकडी, जन्मतारीख:
आजचे वजन (किलो) व वजन केल्याची तारीख:
आजार किंवा कारण:
औषधाचे नाव, बाटलीवर किंवा स्ट्रिपवर छापले आहे तसेच:
ताकद (उदा. ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम, एका गोळीत १० मिलिग्रॅम):
एका वेळी द्यायचे प्रमाण (मिली, गोळी किंवा पफ), अंकात व अक्षरात:
कसे द्यायचे (तोंडाने, नाकात, पंपाने, डोळ्यात):
घड्याळाची वेळ, जेवणाआधी की नंतर:
कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत:
‘गरज पडल्यास’ द्यायचे असेल तर कोणते लक्षण दिसल्यावर, किती अंतराने, दिवसात जास्तीत जास्त किती वेळा:
यापूर्वी हे औषध घरी दिले आहे का. काही त्रास झाला होता का:
कोणत्या औषधाची किंवा खाद्यपदार्थाची ॲलर्जी:
सध्या घरी चालू असलेली इतर औषधे:
डॉक्टरांचे नाव व दवाखान्याचा फोन:
शाळेच्या वेळेत नक्की उचलले जातील असे दोन फोन क्रमांक:

मी वरील औषध वर लिहिल्याप्रमाणे माझ्या पाल्यास शाळेत देण्यास संमती देतो/देते. औषध, प्रमाण किंवा वेळ बदलल्यास नवीन लेखी संमती देईन. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे.
पालकाची सही, नाव, नाते, तारीख:
औषध स्वीकारणाऱ्याची सही, मिळालेली मात्रा, औषध संपण्याची तारीख:

‘घरी आधी दिलं आहे का’ हा रकाना कुणी रिकामा ठेवू नये. नव्या औषधाचा पहिला डोस शाळेत द्यायचा नाही. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं असे प्रकार पहिल्या काही डोसांत होऊ शकतात, आणि तेव्हा मूल घरच्यांच्या नजरेसमोर असलेलं बरं.

सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची असावी. आजी-आजोबा, काका-मावशी औषध आणून देऊ शकतात, पण सही त्यांची नको. आई-वडील वेगळे राहत असतील तर मूल ज्यांच्याकडे राहतं त्यांची सही घ्या आणि दुसऱ्यांचा फोन नंबरही कागदावर असू द्या. पालकांना मराठी वाचता येत नसेल तर हिंदीत किंवा त्यांच्या भाषेत मजकूर वाचून, समजावून द्यायचा. अंगठा घेतल्यास शेजारी साक्षीदाराची सही हवी. बांधकामाच्या साइटवर किंवा वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांची मुलं ज्या शाळांत आहेत, तिथे यासाठी पालकांना पाच मिनिटं बसवून घ्यावंच लागतं. न वाचता केलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही.

चमचा, मिली आणि मिलिग्रॅम

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

पॅरासिटामॉलचा मुलांचा डोस वजनावर ठरतो: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. समजा मूल १८ किलोचं आहे. म्हणजे एका वेळी १८० ते २७० मिलिग्रॅम. आता दुकानात मिळणाऱ्या बाटल्या बघा. एकीवर ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असतं, दुसरीवर ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, चवही गोड. पहिल्या बाटलीतून १० मिली दिलं तर २४० मिलिग्रॅम जातं, ते बरोबर आहे. दुसऱ्या बाटलीतून तेच १० मिली दिलं तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. धाकट्या भावंडाची ड्रॉप्सची बाटली घाईत दफ्तरात आली आणि शाळेनं तिच्यातून ५ मिली दिलं, तर ५०० मिलिग्रॅम एका दमात. म्हणून ‘१० मिली द्या’ एवढं लिहून भागत नाही. ताकद लिहायची आणि देणाऱ्यानं बाटलीवरची ताकद कागदाशी ताडून बघायची. दोन्ही जुळली नाहीत तर डोस थांबवून घरी फोन करायचा.

‘चमचा’ हा शब्द संमतीपत्रात नकोच. घरातले चमचे ३ मिलीपासून ७-८ मिलीपर्यंत कितीही असू शकतात. औषधासोबत मापाचं झाकण येतं, पण पाच मिलीपेक्षा कमी औषध त्यात नीट मोजता येत नाही. मेडिकलमधून सुई नसलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज आणून औषधाबरोबर द्या, आणि डोसाच्या रेघेवर बाहेरून मार्करनं खूण करून द्या. औषध पाजताना सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडायची. थेट घशात मारलं की मुलाला ठसका लागतो. सस्पेन्शनची, म्हणजे तळाशी साका बसणाऱ्या औषधाची, बाटली आधी चांगली हलवायची, नाहीतर वरचं पातळ औषध पहिल्या डोसांत जातं आणि तळाशी साचलेलं तीव्र औषध शेवटच्या डोसांत येतं.

औषध शाळेत पोचवताना

व्हॅनकाकांच्या, रिक्षाकाकांच्या किंवा बसमधल्या ताईंच्या हातात औषध देऊ नका, आणि लहान मुलाच्या दफ्तरातही नको. पालकांनी स्वतः येऊन वर्गशिक्षिकेच्या किंवा शाळेनं नेमलेल्या व्यक्तीच्या हातात द्यावं आणि दोघांनी मात्रा मोजून कागदावर लिहावी. एडीएचडीची गोळी असेल तर मोजणी टाळू नकाच, त्यातली काही नियंत्रित औषधं आहेत.

औषध मूळ वेष्टनातच द्या. पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या शाळेनं परत पाठवाव्यात, पालक कितीही ओळखीचे असले तरी. स्ट्रिपबद्दल एक बारीक गोष्ट: मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव, बॅच आणि मुदत संपण्याची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक बऱ्याचदा दुकानातच राहतं. मग हातात येते नुसती चंदेरी पट्टी. ‘तारखेकडचा तुकडा द्या’ असं सांगून मागा, किंवा पूर्ण स्ट्रिप घ्या. स्ट्रिपवर किंवा खोक्यावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं; अशा औषधाला चिठ्ठीची प्रत हवीच.

होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि काढे पुण्यात घरोघरी असतात. त्यांनाही हाच नियम. बाटलीवर नाव नाही, डॉक्टरांची चिठ्ठी नाही, तर शाळेत देणं नाही. एखाद्या गोळीला साइड इफेक्ट नसतात असं घरच्यांना कितीही वाटत असलं, तरी मुलाला त्रास झाला तर दवाखान्यात ‘काय दिलं होतं?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर शाळेकडे असलं पाहिजे.

पाणी घालून तयार करायचं ड्राय सिरप घरीच, उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या बाणापर्यंत घालून करा आणि तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहा. त्यातली बरीचशी तयार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायची असतात. नेमकं काय ते लेबलवर असतं. शाळेत स्टाफरूममध्ये फ्रिज असला तर औषध झाकणाच्या डब्यात, मधल्या कप्प्यात ठेवावं. दारात नको, कारण दार सतत उघडतं, आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात नको.

देणाऱ्यासाठी

शाळेनं औषध देणारी एक व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीतली दुसरी व्यक्ती अशा दोघांची नावं ठरवून ठेवावीत. नर्स असलेल्या शाळांत हे काम तिचं. बहुतेक मराठी माध्यमाच्या, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत नर्स नसते, म्हणून तिथे शिक्षकांपैकीच कुणी तरी पुढं यायला लागतं. ही जबाबदारी आपणहून स्वीकारलेल्या माणसाकडे असावी. ऐन वेळी ज्याच्या हाताला सवड असेल त्यानं औषध दिलं की चूक होते. शिपाईकाका किंवा मावशींवर हे काम ढकलू नये.

डोस देताना क्रम असा ठेवा. मुलाला नाव विचारा. ‘तू आर्यन ना?’ असं विचारलं तर तापलेलं मूल कुठल्याही नावाला मान डोलावतं, म्हणून ‘तुझं पूर्ण नाव सांग’ म्हणा. एका वर्गात दोन आर्यन असतातच. मग कागद, बाटली आणि घड्याळ शेजारी शेजारी ठेवून औषध, ताकद, प्रमाण, तारीख आणि वेळ वाचा. नोंदवहीत आजचा डोस आधीच कुणी दिलेला नाही ना, ते बघा. मग द्या, गिळेपर्यंत समोर थांबा, आणि लगेच नोंद करा. आधी नोंद करून ठेवू नका. मूल हजर नव्हतं असं नंतर लक्षात येतं आणि वहीत मात्र ‘दिलं’ असतं.

नोंदवहीला पानांचे क्रमांक घाला. एका ओळीत तारीख, वेळ, नाव, औषध, प्रमाण, देणाऱ्याची सही आणि शेरा. शेऱ्यात ‘घेतलं’, ‘नको म्हणाला’, ‘ओकला’ असं जे झालं ते लिहायचं. मूल नको म्हणत असेल तर नाक दाबून पाजायचं नाही. घरी फोन करायचा. औषध घेतल्यावर ओकलं तर आपल्या मनानं दुसरा डोस द्यायचा नाही. किती मिनिटांनी ओकलं ते लिहून पालकांना कळवायचं, पुढचं डॉक्टर ठरवतील. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाई करायची नाही.

आणि चुकून जास्त किंवा भलतंच औषध गेलं तर? तत्काळ सांगायचं. पालकांना, मुख्याध्यापकांना, डॉक्टरांना. मीठ-पाणी पाजून उलटी करवायची नाही. बाटली किंवा स्ट्रिप, किती गेलं आणि किती वाजता गेलं, एवढं हातात घेऊन मुलाला दवाखान्यात न्यायचं. पॅरासिटामॉल जास्त गेल्यावर मूल पहिल्या दिवशी अगदी ठणठणीत दिसू शकतं आणि यकृतावरचा परिणाम नंतर कळतो. ‘बघू, काही झालं तर सांगू’ असं म्हणत थांबलं तर उपचाराचा वेळ जातो. चूक सांगणाऱ्या शिक्षिकेला मुख्याध्यापकांनी चारचौघांत फैलावर घेतलं, तर पुढची चूक कुणी सांगणार नाही, हेही लक्षात असू द्या.

मुलाचा आजार वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. ‘आज याला फिटचं औषध दिलं’ असा एक मेसेज साठ घरांत पोचतो. कळवायचं ते त्याच पालकांना, फोनवर.

जिथे मिनिटं महत्त्वाची असतात

दमा, फिट, मधुमेह आणि तीव्र ॲलर्जी या चारांसाठी साधं संमतीपत्र पुरत नाही. डॉक्टरांनी सही केलेला एक पानी आराखडा हवा. त्यात कोणतं लक्षण दिसलं की काय करायचं, कितीदा करायचं आणि १०८ ला कधी फोन करायचा, हे सगळं लिहिलेलं असावं. इतर औषधं कुलपात ठेवावीत. ही मात्र कुलपात ठेवू नका. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या बाई रजेवर असल्या तर मुलाचा श्वास त्यांच्यासाठी थांबत नाही.

दम्याचा निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, एका पफला १०० मायक्रोग्रॅमचा असतो. पंप नवीन असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन पफ हवेत उडवायचे. पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची प्लास्टिकची नळी) लावायचा, एक पफ सोडायचा, मुलानं पाच-सहा श्वास घ्यायचे, मग पुन्हा हलवून दुसरा पफ. दोन-तीन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले तर औषध भिंतींना चिकटून वाया जातं. किती पफ, ते आराखड्यात लिहिलेलं असतं. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत आराखड्याप्रमाणे पफ चालू ठेवायचे. मुलाला बसतं ठेवा, आडवं करू नका. स्पेसर एकाचा दुसऱ्याला द्यायचा नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून काढून वाऱ्यावर वाळू द्यायचा, फडक्यानं पुसायचा नाही. पुसल्यावर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच चिकटतं. दिवाळीनंतरच्या थंड सकाळी, पीटीच्या तासाला हा पंप मैदानावर सरांच्या पिशवीत असला पाहिजे. मोठ्या इयत्तांतल्या मुलानं पंप स्वतःजवळ ठेवायचा असेल तर संमतीपत्रात ‘स्वतःजवळ बाळगण्यास व स्वतः घेण्यास परवानगी’ अशी वेगळी ओळ पालक आणि डॉक्टर दोघांच्या सहीनं घ्या.

फिट आली की आधी घड्याळ बघायचं. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली स्वेटर किंवा ओढणी ठेवायची, आजूबाजूचे बाक हलवायचे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल तर नकोच. फिट पाच मिनिटांहून लांबली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे बहुतेक डॉक्टर लिहून देतात. इथेही ताकदीची गोम आहे: हा स्प्रे एका फवाऱ्याला ०.५ मिलिग्रॅम आणि १.२५ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतो. म्हणून संमतीपत्रात ‘०.५ मिलिग्रॅमचा स्प्रे, प्रत्येक नाकपुडीत अमुक फवारे’ असं सुटसुटीत लिहून घ्या. मुलाचं वजन वाढलं की फवारे बदलतात. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून नवा आकडा आणा.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, किंवा मापायला वेळ नाही पण घाम, थरथर, चिडचिड, गुंगी दिसतेय, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं. ५ मिलीच्या मापाच्या चमच्यानं तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात, म्हणजे साधारण तेवढं होतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मापायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. साखर वर आली की पोळी किंवा बिस्किटं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. साखर उतरलेल्या मुलाला एकटं सिक रूममध्ये पाठवू नका, जिना उतरताना पडेल. इन्सुलिन डब्याच्या सुट्टीत द्यायचं असेल तर डबा समोर आल्यावरच. इंजेक्शन दिलं आणि डबा घरी राहिला, असं होता कामा नये. सीबीएसईनं टाइप १ मधुमेहाच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी आणि ग्लुकोमीटर सोबत न्यायची मुभा दिलेली आहे. शाळेच्या घटक चाचणीलाही तीच मुभा का नसावी?

तीव्र ॲलर्जीत अंगावर गांधी येण्याबरोबर श्वास लागतो, आवाज बसतो, उलट्या होतात किंवा मूल गळून जातं. त्या वेळी ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून चालत नाही. लागतं ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. आपल्याकडे तयार पेन सहज मिळत नाही आणि ॲम्प्युलमधून, म्हणजे काचेच्या कुपीतून, मोजून काढणं शिकलेल्या माणसाचंच काम आहे. त्यामुळे अशा मुलाच्या आराखड्यात शाळेजवळचं चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय, तिथवरचा रस्ता आणि कुणाच्या गाडीतून न्यायचं, हे आधीच लिहून ठेवा. दुपारी कर्वे रस्त्याला किंवा हडपसरला अडकल्यावर हे ठरवायला वेळ नसतो.

शाळेच्या कपाटातली गोळी

‘आवश्यक ते उपचार करण्यास संमती आहे’ ही प्रवेश अर्जातली ओळ जखम धुणं, बर्फ लावणं, ओआरएस देणं, रुग्णालयात नेणं यासाठी ठीक आहे. तिच्या आधारावर शाळेनं आपल्या पेटीतली गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल ठेवायचंच असेल तर वर्षाच्या सुरुवातीला त्याची वेगळी संमती घ्या आणि प्रत्येक वेळी आधी फोन करा: ‘सकाळपासून काही दिलंय का? किती वाजता?’ फोन लागला नाही तर औषध नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसा, पाणी पाजा, पुन्हा फोन लावा.

खोकल्याचं औषध शाळेनं ठेवूच नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला. बालवाडीतली बरीच मुलं या वयाची असतात. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाइडवर २०११ पासून बंदी आहे. तापात ॲस्पिरिनही मुलांना द्यायची नाही.

आठवी ते दहावीच्या मुलींबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, पण गरज मोठी आहे. पाळीत पोट दुखतं म्हणून मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घेतली जाते, रिकाम्या पोटी, कुणाला न सांगता. बहुधा ती मेफेनॅमिक ॲसिडची असते. हिनं पित्त खवळतं, आणि एखाद्या मुलीला दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्रास मोठा होतो. यावर उपाय सोपा आहे: आईनं डॉक्टरांना विचारून एका ठरलेल्या गोळीची ‘गरज पडल्यास’ संमती वर्षासाठी द्यावी, गोळी बाईंकडे ठेवावी, आणि काही खाल्ल्यावरच मिळेल हे मुलीला सांगावं. गरम पाण्याची पिशवीही बाईंच्या कपाटात असावी. मुलीला सगळ्या वर्गासमोर कारण सांगावं लागू नये, एवढी काळजी शाळेनं घ्यायची.

जंताची गोळी आणि लोहाची गोळी

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिली जाते. दोन वर्षांपुढे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून खायची. त्या दिवशी आजारी असलेल्या किंवा औषधं चालू असलेल्या मुलाला ती देत नाहीत, नंतर राहिलेल्या मुलांसाठीच्या मॉप-अप दिवशी देतात. साप्ताहिक लोहाची गोळी पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून निळी. ही शालेय पोषण आहारानंतर द्यायची, उपाशीपोटी नाही. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण घरी आधी सांगितलं नसेल तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात उभे राहतात.

इथे शाळेनं तीन-चार दिवस आधी सूचना पाठवावी: गोळीचं नाव, का देतो, कुणाला द्यायची नाही, आणि खाली ‘द्यावी / देऊ नये, कारण’ अशी ओळ. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला लोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. अशा मुलांच्या पालकांनी वाट न बघता आधीच लेखी कळवावं. महिन्याभरात घरी जंताचं औषध दिलं असेल तर तेही. दिल्ली उच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या प्रकरणात मुलांना संमतीशिवाय लस टोचता येईल हे गृहीतक मान्य केलं नव्हतं. सरकारी मोहीम असली तरी पालकांना विचारायचं काम शिल्लक राहतंच.

उलट, जिवावर बेतलेलं असताना कागद शोधत बसायचं नाही. पालकांशी वेळेत संपर्क होत नसेल तर मुलाच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० संरक्षण देतं. १०८ ला फोन करा, मुलासोबत एक शिक्षक जाऊ द्या, दुसऱ्यानं पालकांना फोन लावत राहायचं.

सहल, मे महिना आणि जून

सिंहगडाला किंवा शिवनेरीला सहल निघाली की औषधं कपाटातच राहतात. सहलीच्या यादीत औषधं असलेल्या मुलांच्या नावासमोर खूण करा, आणि पंप, स्प्रे, ग्लुकोज हे संमतीपत्राच्या प्रतीसह त्याच बसमधल्या शिक्षकांकडे द्या ज्या बसमध्ये मूल आहे. उन्हात उभ्या बसमध्ये पिशवी सोडू नका. इन्सुलिन खराब होतं आणि पंपाच्या डब्यावरच ‘उष्णतेपासून दूर ठेवा’ असं छापलेलं असतं.

वार्षिक परीक्षा झाली की सगळी औषधं पालकांनी मोजून परत न्यावीत. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद वर्गातल्या लोखंडी कपाटात त्याहून जास्त तापतं. कुणी नेलं नाही तर दोन फोन करून तारीख द्या, मग दोघांच्या सहीनं नोंद करून ते जवळच्या रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात नष्ट करण्यासाठी द्या. पुढच्या मुलाला उपयोगी पडेल म्हणून ठेवू नका. जूनमध्ये शाळा उघडली की जुन्या संमतीपत्रावर नवी तारीख टाकून चालत नाही. वर्षभरात मुलाचं वजन दोन-तीन किलोनं वाढलेलं असतं, त्यामुळे नवं वजन, नवी चिठ्ठी, नवा कागद.